ईबर्डवरून नागपूरच्या आसपासचे रविवार कसे प्लॅन करता?

धरमपेठी_खंड्या
मंडळी, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ॲप) अकाउंट तं उघडलं पण पुढं काय करायचं तेच समजून नाही राहिलं. दर रविवारी अंबाझरी नाहीतर फुटाळा, तेच बगळे तेच पाणकावळे. नकाशा उघडला की नागपूरभोवती नुसत्या पिनाच पिना, त्यातली कोणती पकडायची? हिवाळ्यात पट्टकदंब हंस अन् चक्रवाक बदक पाहिजे, पावसाळ्यात नवरंग पक्षी. स्कूटी आहे, बाराच्या आत घरी यावं लागते. कोणी एरियाप्रमाणे चक्कर लावते का, अन् कशी?

हिंगणा_रोडची_टिटवी
नकाशा नंतर, आधी टार्गेट स्पीशीज उघड. नागपूर जिल्हा टाक, महिने निवड, तुझ्या लाइफ लिस्टमध्ये (आजवर पाहिलेल्यांच्या यादीत) नसलेले पक्षी टक्केवारीसकट समोर येतात, म्हणजे लोकांनी टाकलेल्या शंभर लिस्टपैकी कितींत तो पक्षी आहे ते. पण महिने खरंच निवड हं, बरेच जण वर्षभर तसंच ठेवतात आणि मग नवरंग इतका खाली जातो की वाटतं इथं मिळतच नाही. तो येतो पावसाच्या तोंडावर, हिवाळ्यातल्या शेकडो लिस्टमध्ये तो नसणारच ना, टक्का पडतो. नुसतं जून-जुलै लावून बघ कसा वर चढतो. बदकांना डिसेंबर ते फेब्रुवारी.
मग दिशा ठरव, एका रविवारी एकच रस्ता. शहरात अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स एकत्र होतं. काटोल रोडला गोरेवाडा वेगळा धर, हिंगण्याकडे झिलपी तलाव. रामटेकचा खिंडसी तलाव स्कूटीवर जाऊन बाराच्या आत परत? कोणाची तरी कार पकड बाप्पा.

बुटीबोरी_लोकल
टिटवीताईंचं बरोबर आहे पण टक्क्याला भुलू नको भाऊ. आमच्याकडच्या एका तलावाला एक बदक ३३ टक्के दाखवून राहिलं होतं, नीट पाहिलं तं त्या महिन्यात लिस्टच तीन, म्हणजे एकाच लिस्टमध्ये होतं. बार चार्ट (कोणता पक्षी कोणत्या महिन्यात किती दिसतो तो तक्ता) पाहताना तो किती लिस्टांवरून काढला ते पाहिल्याशिवाय पेट्रोल जाळू नको. अन् अंबाझरीची यादी लांब दिसते ती तिथं सगळेच जातात म्हणून पण. ॲप माणसं कुठं गेली ते सांगते, बाकी जागी पक्षी नाहीत असं नाही ना.

रिटायर्ड_दुर्बीण
पाण्याचं कोणी बोललंच नाही. चार्ट सगळ्या वर्षांची सरासरी काढतो, यंदा तलाव किती भरला ते त्याला काय माहीत. काठोकाठ पाणी असेल तर तुतवारांना (चिखलात टिपणारे छोटे पक्षी) उभं राहायला चिखलच नसतो, रब्बीला पाणी सोडलं आणि कडेचा गाळ उघडा पडला की मग ते दिसतात. त्यामुळे मी चार्ट बघून महिना ठरवतो पण जागा ठरवायच्या आधी तिथल्या ढिवर (मासेमार) भाऊंना फोन करतो, पाणी कुठपर्यंत आलं आणि बदकं कोणत्या काठाला बसतात ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पट्टकदंब दिवसा पाण्यावर नाही दिसले तर आजूबाजूच्या शेतात बघा, हरभऱ्यात गव्हात चरायला जातात. शेतकऱ्याला विचारूनच आत जा, धुऱ्यावरून (बांधावरून).

धरमपेठी_खंड्या
भारी! म्हणजे जानेवारीत पहिले झिलपी, कार जमली तर खिंडसी. काका, फोन नंबर नसेल तर?

रिटायर्ड_दुर्बीण
पहिल्या खेपेला सकाळी जाळे काढतात तेव्हा काठावर भेटतातच. चहा पाजा.

हिंगणा_रोडची_टिटवी
आणि लिस्ट टाकताना तिथला हॉटस्पॉट (नकाशावर आधीच असलेली सगळ्यांची पिन) निवड, स्वतःची नवीन पिन नको ठोकू, नाहीतर तुझी लिस्ट त्या जागेच्या चार्टमध्ये धरलीच जात नाही. बगळे-पाणकावळे पण लिही, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले तरच ती पूर्ण लिस्ट, टक्केवारी त्यावरच निघते. नवरंगाचं घरटं सापडलं तर मात्र ग्रुपवर लोकेशन टाकू नको, दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते.

बुटीबोरी_लोकल
अन् इकडे वडगाव धरणाला ये कधी, लिस्टा लई कमी आहेत.