पाय फुगला की सुजला? फुगलेला, फुगीर, फुगवलेला कुठं वापरायचं, वाक्यांसकट सांगा

मिरजेची_ताई

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात ओडिशाहून बदली होऊन आलेली एक मुलगी आहे, मनापासून मराठी शिकतेय, जेवणाच्या सुट्टीत मी तिला थोडं थोडं शिकवते. परवा जिन्यात तिचा पाय मुरगळला तर म्हणाली "माझा पाय फुगलेला आहे". मी म्हटलं सुजलाय म्हणायचं, तर लगेच तिचा प्रश्न की पुरी फुगलेली चालते, नदी फुगलेली चालते, मग पायानं काय केलंय? त्यात पेपरात तिनं 'फुगीर आकडे' वाचलं, आता विचारतेय ते 'फुगलेले आकडे' का नाही. नुसता अर्थ नकोय, डिक्शनरी आहे आमच्याकडे, रोजच्या बोलण्यातली वाक्यं पाहिजेत म्हणजे तिच्या डोक्यात बसेल.

तासगावचे_गुरुजी

ताई, आधी सुजणं बाजूला काढा म्हणजे निम्मं काम झालं. सूज येते ती जित्या शरीराला आणि तीही मार लागला, काही चावलं, दुखणं झालं म्हणून. हिरडी सुजली, गुडघा सुजला, मधमाशी चावून ओठ सुजला. फुगण्यात मात्र आत काहीतरी शिरलेलं किंवा साठलेलं असतं, वाफ, हवा, पाणी. पुरीत वाफ कोंडते म्हणून पुरी टम्म फुगते, भिजत घातलेला शाबू पाणी पिऊन फुगतो. पोट शरीराचंच आहे पण गॅस झाला तर "पोट फुगल्यासारखं वाटतंय" असंच म्हणतो ना आपण.

तिला गालाची दोन वाक्यं द्या. "तिचा गाल सुजलाय" म्हणजे दाढ दुखतेय, आणि "तिचे गाल फुगलेत" म्हणजे बाईसाहेब रुसल्यात.

आता फुगीर. फुगीर म्हणजे घडणच तशी, फुगीर गालाचं बाळ, फुगीर बाह्यांचं पोलकं. फुगलेला म्हणजे आधी तसं नव्हतं, नंतर झालं. आणि फुगीर कुठंही बदलत नाही, फुगीर गाल, फुगीर बाही, फुगीर पोट. फुगलेला बदलतो, फुगलेली पुरी, फुगलेलं पोट, पण "फुगलेल्या पुरीला टाचणी लावली", इथं पुढं 'ला' आला की 'फुगलेल्या'. बाहेरून शिकणारे इथंच अडतात, हे तिच्याकडून घटवून घ्या.

कृष्णाकाठ_सांगली

गुरुजींनी छान सांगितलं, नदीचं मी सांगतो कारण आमचं घर नदीपासून लांब नाही. नदी फुगली म्हणजे नुसतं पाणी वाढलं एवढंच नाही, पाण्याला पुढं वाट मिळंना म्हणून ते मागं चढतंय असं पण त्यात असतं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णाच भरून चाललेली असली की ती वारणेचं पाणी घेत नाही, मग ते मागं तटतं आणि गपचूप शेतात शिरतं, त्याला इकडं "पाण्याला फूग आली" म्हणतात. धरणामागं जे पाणी पसरतं तो फुगवटा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद इथं नको, पण पावसाळ्यात तो शब्द तिला पेपरात सारखा दिसणार.

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पूर उतरल्यावर घरात गेलो तर दारं फुगलेली, प्लायवूडचं कपाट फुगून उकललेलं, पोरांची पुस्तकं फुगून दुप्पट जाड, भिंतीचा रंग फुगून पोपडे. तेवढ्या दिवसांत हा शब्द आम्ही जेवढा वापरला तेवढा कधी वापरला नसेल. तिला एकच वाक्य द्यायचं असेल तर हे द्या, "पावसानं दार फुगलंय, जोरात ओढ". आणि धरणाला तुडुंब भरलं म्हणायचं, "कोयना फुगली" म्हटलं तर ऐकणारा नदी समजणार.

कराडचा_गोठा

आमच्याकडं या दोन शब्दांत गल्लत झाली तर जनावर जाईल, म्हणून मुद्दाम लिहितेय. म्हशीनं कोवळा ओला लसूणघास जास्त खाल्ला की पोटात गॅस धरतो, डावी कूस वर येते, टिचकी मारली की ढबढब वाजतं, ही पोटफुगी. फुप्फुसावर दाब येतो, काही तासांत जनावर दगावू शकतं. तिथं फोनवर "म्हैस फुगलीय" म्हटलं की डॉक्टर जेवण सोडून गाडी काढतात. आणि कास लाल, गरम, कडक झाली, हात लावू देईना तर "कास सुजलीय", तो दगडीचा आजार, त्याची औषधं वेगळी. आणि दूध उतरून भरलेली कास ही सुजलेली पण नाही आणि फुगलेली पण नाही, ती तटतटलेली. एकाच म्हशीला तीन शब्द लागतात बघा, त्या पोरीला एखाद्या दिवशी गोठ्यात घेऊन या.

मिरजेची_ताई

वा, दार आणि म्हैस दोन्ही उद्याच सांगते. आकड्यांचं राहिलं. तिला 'खूप जास्त' या अर्थानं पण फुगलेला वापरायचंय, काल म्हणाली "बाजारात फुगलेली गर्दी होती".

सातारा_अकाऊंट्स

नाही चालणार, गर्दी तुडुंब किंवा बेसुमार. पैशाच्या बाबतीत चालतं पण कोणी फुगवलं ते बघायचं. "लग्नाचा खर्च फुगला" म्हणजे ठरवला एक आणि आपोआप वाढत गेला. "फुगवलेलं बिल" म्हणजे कोणीतरी मुद्दाम वाढवून लावलंय, हा आरोप आहे, माणसाच्या तोंडावर म्हणताना विचार करून म्हणायला सांगा. लाईटबिल नुसतं जास्त आलं असेल तर "भरमसाठ बिल", त्यात खोटेपणा नाही, आणि भाजीवाल्यानं भाव जास्त सांगितला तर "अवाच्या सवा भाव". फुगीर आकडे म्हणजे कागदावर मोठे दिसतात पण खरं तेवढं नाही, मग ते कोणी का केलेले असेनात. आमच्या कामात हा फरक फार जपावा लागतो, रिपोर्टमध्ये 'फुगवलेले' लिहिलं की चौकशी लागते, 'फुगीर' लिहिलं की आधी खुलासा मागतात.

मिरजेची_ताई

आणि रडून डोळे?

तासगावचे_गुरुजी

सुजतात. रडून, जागरणानं, दोन्हीनं सुजलेलेच म्हणायचं. आणि कोणी रडत नाही, बोलत पण नाही, कोपऱ्यात नुसतं फुगून बसलंय, तर त्याला काय झालं ते जाऊन विचारायचं.