जागा आहे, पण फाइल घेत नाही: तुमच्या हार्डडिस्कचे रुसवेफुगवे सांगा

सांदीकोपरा:
काल भाचीचा फोन. "मामा, तू दिलेली हार्डडिस्क बिघडली. जुनं सगळं उघडतंय, पण नवीन काही टाकायला गेलं की घेतच नाही." आणि मला एकदम आमच्या हौशी नाटकाची कॅसेट आठवली. विंडोज एक्सपीचे दिवस. कॅसेट संगणकावर उतरवली तर अख्ख्या नाटकाची एकच फाइल झाली, भलीमोठी. बाहेरची डिस्क जवळपास रिकामी, तरी म्हणे पुरेशी जागा नाही! छोट्या फाइली मुकाट घ्यायची. केबल बदलली, पोर्ट बदललं, नाटकातल्या राजाने येऊन डिस्क हलवून पाहिली. शेवटी कळलं की डिस्क फॅट३२ (डिस्कवर फाइली मांडायची एक जुनी पद्धत) ची आहे आणि त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच जाते, मग बाकी जागा कितीही असो. दुसऱ्या अंकाच्या ऐन रंगात व्हिडिओ तोडून दोन तुकडे केले.
भाचीचं दुखणं वेगळं. तिने नवा मॅक घेतलाय आणि डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या मांडणीची. मॅक ती वाचतो, लिहीत नाही. डिस्क ठणठणीत आहे.
तुमचे किस्से येऊ द्या.

घाईतली:
मॅकवाल्यांनी ट्रॅश बघा आधी!! डिस्कवरचं पुसलं तरी ते त्याच डिस्कवरच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही. नवरा पुसतोय पुसतोय आणि आकडा हलत नाहीये. बाकी नंतर, मशीन थांबलंय, कपडे काढते.

खटपट्या:
फॉरमॅट मारा, विषय संपला.

ओसरी:
@खटपट्या विषय नाही, फोटो संपतील.

खटपट्या:
बॅकअप घेऊनच हो. 😅

उंबरठा:
माझं लिनक्स. विंडोजवर वापरलेली डिस्क इकडे लावली की फक्त वाचायला मिळायची. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, त्यात 'शट डाउन' म्हटलं तरी ते अर्धवट झोपतं आणि एनटीएफएस डिस्क उघडी सोडतं. मग लिनक्स शहाणपणा करून लिहायला नकार देतं. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शट डाउन करायचं, किंवा ते फास्ट प्रकरण बंदच करून टाकायचं. काढताना 'इजेक्ट' करा हे वेगळं सांगायला नको. (सांगायला हवं. आमच्याकडे सगळे उपटतात.)

पानगळ:
हे कुणी लिहिणार नाही म्हणून लिहिते. आईच्या आवाजातल्या रेकॉर्डिंगना मी सविस्तर मराठी नावं दिली होती: कुठली गोष्ट, कुणाला सांगितली, कधी, मागे कोण बोलतंय, सगळं नावातच. विंडोजवर छान चाललं. लिनक्सच्या ईएक्सटी४ मांडणीच्या डिस्कवर टाकायला घेतलं तर एकाच फोल्डरमधल्या काही फाइली जातात, काही अडतात. आकाराचा संबंध नाही, सगळ्यात छोटी अडलेली! कारण असं की तिथे नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांत कोटा संपला. रोमनमध्ये तेच २५५ पर्यंत जातं. विंडोज बाइट मोजत नाही, म्हणून तिथे कळलंच नव्हतं. आता नावं आखूड केलीत आणि तपशील वेगळ्या वहीत.

ओसरी:
पानगळताई, हे भारीच. आवाज आहे जपलेला, नशीबवान आहात.

वाटाड्या:
+१. आणि प्रश्नचिन्ह! लिनक्सवर फाइलीला 'हे कोण?' असं नाव देता येतं, एक्सफॅटच्या (मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालणारी मांडणी) पेनड्राइव्हवर किंवा विंडोजवर ते चालत नाही. अपूर्णविरामाचंही तेच. माझ्या जुन्या फोटोंत अर्ध्या फाइली 'हे कोण?' आणि 'हे कुठे?' आहेत.

घाईतली:
मग कळलं का कोण ते?

वाटाड्या:
नाही. आत्या म्हणते आपल्यातलंच कुणीतरी असेल.

घाईतली:
😂😂

कोराकागद:
ऑफिसच्या लॅपटॉपवर लावली असेल तर डिस्कला दोष देऊ नका. आमच्याकडे बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) नसलेल्या डिस्कवर लिहायलाच बंदी आहे, वाचा हवं तेवढं. घरच्या संगणकावर तीच डिस्क गुणी बाळ.

ओसरी:
कॅमेऱ्याच्या कार्डाला बाजूला एक इवलीशी खुंटी असते, तीही बघा. खाली सरकली की कार्ड कुलूपबंद.

रातकिडा:
थोडं गंभीर लिहितो. काल घेत होती, आज नाही, आणि सोबत कट्कट् आवाज किंवा कॉपी होताना मध्येच गोठणं असेल, तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) वगैरे काही चालवू नका. ते दुरुस्तीच्या नादात डिस्कला अजून राबवतं. आधी जे वाचता येतंय ते दुसरीकडे काढा, महत्त्वाचं सर्वांत पहिलं. मग स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकडे बघा. 'रिअ‍ॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टर (डिस्कचे खराब किंवा संशयित तुकडे) वाढत असतील तर तिला निवृत्त करा. पेनड्राइव्ह आणि कार्डं तर शेवटाला आली की कधी कधी आपणहून फक्त वाचनापुरती उरतात. विंडोजच्या डिस्कपार्ट आज्ञेने 'रीडओन्ली' (फक्त वाचा) ही खूण काढायला गेलात तर काढलं असं म्हणेल, आणि पुन्हा लावलं की जैसे थे. ती खूण समजा.

निळीशाई:
माझ्या पेनड्राइव्हवर छापलेली जागा एक आणि आत खरी जागा कितीतरी कमी. फाइली गेल्यासारख्या दिसायच्या, नावंही दिसायची, उघडल्या की रद्दी. नवीन पेनड्राइव्ह आणला की आता आधी एच२टेस्टडब्ल्यूने तपासते. लिनक्स, मॅकवर त्यासाठी एफ३ आहे. वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं.

उंबरठा:
हबवर लावलेली डिस्क पण बघा बरं का. वीज कमी पडली की वाचते, लिहिताना मान टाकते.

नवखी:
मला एकच विचारायचंय. माझी डिस्क एनटीएफएस आहे, मॅक आणि विंडोज दोन्हीवर हवी. आतलं न पुसता एक्सफॅट करता येईल का?

रातकिडा:
नाही ताई, विंडोजच्या आपल्या साधनांनी तरी नाही. फॅट३२ चं एनटीएफएस 'कन्व्हर्ट' आज्ञेने आतलं न पुसता होतं, एक्सफॅटला तशी सोय नाही. आतलं सगळं दुसरीकडे ठेवा, उघडून खात्री करा, मग फॉरमॅट.

खटपट्या:
मी काय म्हणत होतो.

नवखी:
दुसरी डिस्क भावाकडे आहे. तो देईल असं वाटत नाही, मागच्या वेळची अजून परत केलेली नाही मी.