संगणकावर सतत जाहिराती, क्रोमचं सर्च बदललंय: फॉरमॅट न मारता साफ होईल का?

चिकूवाडी
बोरिवलीला घरी डेस्कटॉप आहे. विंडोज १०, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. मुलीचा अभ्यास आणि वडिलांचं डीमॅट-नेटबँकिंग त्याच्यावरच चालतं. मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर कुठल्याशा साइटवरून उतरवल्यापासून असं चाललंय:
उजव्या कोपऱ्यात खाली ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत, आत्ता साफ करा’ असे चौकोन येतात. क्रोममध्ये काहीही शोधलं की आधी एक अनोळखी पान उघडतं, मग याहूचे निकाल दिसतात. एक एक्स्टेन्शन आहे, त्याला ‘रिमूव्ह’चं बटणच नाही. क्रोमच्या मेनूत तळाला ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं लिहून येतं.
दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा आणि विकतचा अँटीव्हायरस टाका. दोन्ही खरंच लागेल का?

सी_ड्राइव्ह
फॉरमॅटचं नाव इतक्यात काढू नका. ही सगळी लक्षणं एकाच ठिकाणची नाहीत.

कोपऱ्यातले चौकोन बहुधा व्हायरस नाहीतच. कुठल्यातरी पानावर ‘अलाऊ’ दाबलं गेलंय आणि आता ती साइट नोटिफिकेशन पाठवतेय. चौकोनात बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि साइटचा पत्ता दिसेल. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्समध्ये जा. ‘परवानगी दिलेल्या’ यादीतल्या अनोळखी साइट तीन ठिपक्यांवरून काढून टाका, आणि वर ‘साइटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ हा पर्याय निवडा. एज वापरत असाल तर तिथेही हेच करा. कितीही अँटीव्हायरस फिरवले तरी हे चौकोन जात नाहीत, कारण स्कॅनरला सापडेल अशी फाइलच तिथे नसते; परवानगी तुमचीच असते.

सर्च बदलणं आणि न निघणारं एक्स्टेन्शन हे मात्र खरं अ‍ॅडवेअर. म्हणजे जाहिराती लादणारं सॉफ्टवेअर. इथे क्रम महत्त्वाचा. आधी एक्स्टेन्शन काढत बसलात तर मागे चालू असलेला प्रोग्राम ते परत आणून ठेवतो. म्हणून:

१. सेटिंग्ज → अ‍ॅप्समध्ये यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेने लावा. टायपिंगचं सॉफ्टवेअर ज्या दिवशी टाकलं, त्या दिवशी सोबत आलेलं सगळं अनइन्स्टॉल करा. काढताना येणाऱ्या खिडक्या वाचून दाबा; मोठं रंगीत बटण पुष्कळदा ‘राहू द्या’चं असतं.

२. टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) उघडा, डावीकडे ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’. प्रत्येक टास्कचा ‘अ‍ॅक्शन्स’ टॅब बघा. तिथे डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए (दोन्ही स्क्रिप्ट चालवणारे प्रोग्राम) किंवा लांबलचक निरर्थक अक्षरांची पॉवरशेल कमांड दिसली, किंवा थेट वेबसाइटचा पत्ता दिसला, तर तो टास्क ‘डिसेबल’ करा. लगेच डिलीट नको. चुकीचा निघाला तर परत चालू करता येतो.

३. क्रोमचं सिंक तात्पुरतं बंद करा, निदान एक्स्टेन्शनपुरतं. नाहीतर इथून काढलेली घाण गूगल खात्यातून परत उतरते, आणि त्याच खात्याने दुसरा लॅपटॉप चालत असेल तर तिथेही पोहोचते.

४. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर (नको ती सॉफ्टवेअर काढणारं साधन) उतरवा, मालवेअरबाइट्स कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच. इन्स्टॉल करावं लागत नाही, फुकट आहे. स्कॅनच्या आधी त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘रिसेट क्रोम पॉलिसीज’ आणि ‘रिसेट प्रॉक्सी’ चालू करा. ‘ऑर्गनायझेशन’वाली ओळ येते ती पॉलिसीमुळे. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचा ब्राउझर ज्या सोयीने बांधून ठेवतात, तीच सोय अ‍ॅडवेअर वापरतं आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) ‘हे एक्स्टेन्शन सक्तीचं’ अशी नोंद करतं. म्हणून रिमूव्ह दिसत नाही. नोंद गेली की बटण परत येतं.

५. रीस्टार्ट करून क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → टार्गेट बघा. ओळ क्रोमच्या ‘ईएक्सई’ फाइलपाशी, अवतरणचिन्हाने संपायला हवी. पुढे वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढा भाग पुसा. टास्कबारवरचा शॉर्टकट वेगळा असतो, तोही तपासा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं पॉलिसीचं काही करू नका. तिथे ती ओळ खरीच असते.

गिरणगाव२
वरच्याला पूर्ण अनुमोदन, एक भर. स्कॅन करण्याआधी विंडोज सिक्युरिटी → व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → मॅनेज सेटिंग्ज → अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’ (न तपासायच्या जागांची यादी) बघा. ही यादी साधारण घरच्या संगणकावर रिकामी असते. क्रॅक केलेलं ऑफिस किंवा विंडोजचा अ‍ॅक्टिव्हेटर कधी चालवला असेल, तर इथे एखादा फोल्डर, कधी कधी अख्खा सी ड्राइव्ह घातलेला सापडतो. मग डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) तिकडे बघतच नाही आणि प्रत्येक वेळी ‘नो थ्रेट्स’ सांगतो. लोक त्यावर ‘डिफेंडर कुचकामी’ असं ठरवून मोकळे होतात.

यादी रिकामी केल्यावर स्कॅन ऑप्शन्समधून ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. उघडलेलं काम सेव्ह करून ठेवा, कारण संगणक बंद होऊन वेगळ्या वातावरणात सुरू होतो. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोजच चालू नसल्याने लपून बसलेल्यालाही स्वतःला वाचवता येत नाही, हा याचा फायदा. निकाल नंतर प्रोटेक्शन हिस्टरीत दिसतो. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा (मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते), नाहीतर निळ्या पडद्यासमोर अडकाल.

नंतर एक फुल स्कॅन रात्री लावून द्या. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर आहे. उतरवल्यापासून १० दिवसांनी तो कालबाह्य होतो, म्हणून जुनी प्रत पेनड्राइव्हवर जपून ठेवण्यात अर्थ नाही.

मुलुंड_लोकल
मी थोडा असहमत. ज्या मशीनवर नेटबँकिंग आणि डीमॅट आहे ते साफ झालं ‘असावं’ यावर भागत नाही. आलं ते नुसतं अ‍ॅडवेअर होतं की सोबत पासवर्ड चोरणारं काही होतं, हे कसं कळणार? लुमासारखे इन्फोस्टीलर जाहिराती दाखवत नाहीत. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतात आणि बरेचदा स्वतःच निघून जातात. कुकी गेली म्हणजे लॉग-इन झालेलं सत्रच गेलं, त्याला ओटीपीसुद्धा लागत नाही.

चिकूवाडी, एक आठवून सांगा. ते सॉफ्टवेअर उतरवताना ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणून विंडोज आणि आर ही बटणं, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगितलं होतं का? किंवा पासवर्ड लावलेली झिप फाइल देऊन ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं लिहिलं होतं का? दोन्हीपैकी एक जरी असेल तर सफाई विसरा. आजच फोनवरून (वाय-फाय बंद, मोबाइल डेटावर) आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँक, मग डीमॅट. गूगल खात्यात सिक्युरिटी → युवर डिव्हाइसेसमधून तो संगणक साइन आउट करा. आणि मग खुशाल फॉरमॅट. नुसतं फॉरमॅट मारून काही होत नाही, गेलेले पासवर्ड गेलेलेच राहतात. पैसे हलले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला लगेच फोन. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात ते सुरुवातीच्या वेळातच.

चिकूवाडी
नाही, विंडोज-आर वगैरे काही नव्हतं, झिपही नव्हती. साधा सेटअप होता, ‘नेक्स्ट नेक्स्ट’ करत गेलो. तरी ईमेल आणि बँकेचे पासवर्ड फोनवरून बदलतो. विकतच्या अँटीव्हायरसबद्दल काय?

गिरणगाव२
मग अ‍ॅडवेअरच, ‘नेक्स्ट’मागे लपवलेल्या चौकोनी खुणांमधून आलेलं. सफाईने जाईल.

विकतचा घ्यायलाच हवा असं नाही. डिफेंडर पुरतो, फक्त त्याची अ‍ॅडवेअर पकडायची सोय चालू आहे ना ते बघा: अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल → रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन → ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’, त्याखालच्या दोन्ही खुणा लावा. घ्यायचाच तर एकच घ्या. दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या फाइली अडवतात, मशीन रांगायला लागतं. मुदत संपलेलं ट्रायल तर अजिबात ठेवू नका. ते स्वतः काम करत नाही आणि कधी कधी डिफेंडरलाही पुढे येऊ देत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट बॉट (संगणक दुरून ताब्यात ठेवणारे प्रोग्राम) काढण्याची साधनं आहेत, २०१७ पासून. एकदा फिरवायला हरकत नाही.

तुमची खरी अडचण विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या व्हायरस व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. २२एच२ आवृत्ती असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ची नोंदणी करा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय होईल. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप सिंक केलात तर पैसे पडत नाहीत.

चुनाभट्टी_टायपिस्ट
मूळ दुखण्याबद्दल कुणीच बोललं नाही, मराठी टायपिंगसाठी बाहेरून काही उतरवायची गरजच नाही! गूगलने विंडोजवरचं इनपुट टूल्सचं डाउनलोड केव्हाच बंद केलं. त्या नावाने आता जे फिरतं ते कुणीतरी परत बांधून ठेवलेलं असतं. विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज → मराठी जोडा → ऑप्शन्स → अ‍ॅड अ कीबोर्ड → मराठी फोनेटिक. विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. फुकट फाँटच्या साइटवरही तेच जाळं: पानावर चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणं, खरं एकच. फाँटची फाइल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. फाँट मागितला आणि हातात ‘ईएक्सई’ आली तर तिथेच पुसा.

ग्रँटरोड_पूर्व
फॉरमॅट मारायची वेळ आलीच तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: विंडोज कुठून टाकणार, आणि अ‍ॅक्टिव्हेट कशाने करणार. ‘लाइफटाइम अ‍ॅक्टिव्हेट करून देतो’ असं उत्तर आलं तर उठा. लॅमिंग्टन रोडचा संगणक बाजार असो की घराखालचं दुकान, असं अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे वर गिरणगावने सांगितलेली एक्सक्लूजनची भानगड नव्या कोऱ्या विंडोजवर पहिल्याच दिवशी. मूळ विंडोज अस्सल असेल तर त्याच मदरबोर्डवर, तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) टाकली की नेट जोडल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

घरीही जमतं: मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, आणि तो बनवायला दुसरा, निरोगी संगणक. डेटा काढताना फोटो, पीडीएफ, एक्सेल घ्या. सेटअपच्या फाइली आणि क्रॅकचे फोल्डर घेऊ नका. अनेकदा फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो आणि डी ड्राइव्हवरचा तोच जुना सेटअप आठवड्याने परत चालवला जातो.

चिकूवाडी
सांगितलं त्या क्रमाने केलं. एक टास्क सापडला, डब्ल्यूस्क्रिप्टवाला. एक्स्टेन्शन गेलं, ऑर्गनायझेशनची ओळ गेली, सर्च परत गूगलवर. आता दोनच शंका. घरच्या वाय-फायवर फोनमध्येही कधी कधी भलतीच पानं उघडतात, ते याच्यामुळेच का? आणि मुलीच्या पेनड्राइव्हवर, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्यापासून, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत.

सी_ड्राइव्ह
फोन मोबाइल डेटावर टाकून बघा. डेटावरही पानं उघडली तर दोष फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपचा. फक्त वाय-फायवरच होत असेल तर राउटर बघा. राउटरच्या खाली स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. केबलवाल्याने लावून दिलेल्या राउटरचा पासवर्ड पुष्कळदा ‘अ‍ॅडमिन’च राहिलेला असतो. आत डब्ल्यूएएन आणि डीएचसीपी या दोन्ही पानांवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारा सर्व्हर) बघा. अनोळखी आकडे असतील तर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट बंद करा. सरळ रिसेटची पिन टोचू नका. पीपीपीओईचं (नेट जोडणीचं) युजरनेम-पासवर्ड आधी केबलवाल्याकडून लिहून घ्या, नाहीतर नेट बंद आणि तो येईपर्यंत वाट बघणं आलं. काही राउटरांवर ही पानं कंपनीने कुलूपबंद केलेली असतात, तिथे त्यांनाच फोन करावा लागतो.

मुलुंड_लोकल
पेनड्राइव्हबद्दल. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक अजिबात नको. त्याने फोल्डर उघडतो आणि मागून स्क्रिप्टही चालते, म्हणून कुणाला शंका येत नाही. मुलीने एकदा जरी केलं असेल तर तुम्हाला सापडलेला डब्ल्यूस्क्रिप्टचा टास्क टायपिंगवाल्याचा नसून याचाच असू शकतो. त्या टास्कमध्ये ज्या फाइलचा मार्ग दिला होता तिथे जाऊन ती फाइलही पुसा, नुसता टास्क बंद करून भागणार नाही.

फाइली गेलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘शो हिडन फाइल्स’ निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. दुसरी खूण काढल्याशिवाय काही दिसणार नाही, कारण फोल्डरांना ‘सिस्टिम’ ठरवलेलं असतं. मग खरे फोल्डर फिकट दिसतील. कधी सगळे मिळून एका बिननावाच्या फोल्डरात सारलेले असतात. आतल्या फाइली कॉपी करून संगणकावर नव्या फोल्डरात घ्या. फक्त वर्ड, पीडीएफ, फोटो. शॉर्टकट, व्हीबीएस, जेएस, ईएक्सई मागेच राहू द्या. कॉपी केलेल्या फोल्डरवर एक स्कॅन. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, आणि फोल्डर ऑप्शन्समधली ती दुसरी खूण परत लावा.

पुढच्या वेळी दुकानात फक्त प्रिंटपुरती पीडीएफ असलेला वेगळा पेनड्राइव्ह द्या, आणि घरी आणला की त्यातून काहीही न उघडता फॉरमॅट.