१३ ग्रॅमच्या टोनआर्मला कोणतं कार्ट्रिज?

प्रश्न: रेकॉर्ड प्लेयरच्या टोनआर्मचं (कार्ट्रिज, म्हणजे सुईचं युनिट, धरणाऱ्या दांडीचं) इफेक्टिव्ह मास (हलताना जाणवणारं वजन) १३ ग्रॅम, ॲम्प्लिफायरला फक्त एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजसाठीचं फोनो इनपुट. सुई कोनिकल (साध्या गोलसर टोकाची) आहे. रेकॉर्डची बाजू संपत आली की 'स', 'श' चरचरतात. एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज घ्यावं का?

उत्तर १: एमसी नको. लो-आउटपुट एमसी जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिव्होल्ट देतं, एमएम ३ ते ५. तुमच्या इनपुटवर आवाज पुरणार नाही, खरखर मात्र वाढेल. खरा फरक सुईच्या आकाराने पडतो. आतल्या वर्तुळात तीच लहर कमी लांबीत कोंबलेली असते, कोनिकल टोक तिच्यात नीट बसतच नाही. मायक्रोलाइन (अगदी बारीक कडेची) सुई घ्या. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ मालिकेत बॉडी तीच ठेवून नुसती सुई बदलता येते, ही फार मोठी सोय आहे.

उत्तर २: कम्प्लायन्सही (सुई किती लवचीक आहे तो आकडा) बघा. आर्म १३, कार्ट्रिज ६, स्क्रू १ असे २० ग्रॅम. त्याला कम्प्लायन्सने गुणा, वर्गमूळ काढा, १५९ला त्याने भागा; येते ती आर्म-कार्ट्रिजच्या नैसर्गिक कंपनाची वारंवारता. कम्प्लायन्स १२ असेल तर साधारण १० हर्ट्झ, उत्तम. ३० असेल तर ६.५, म्हणजे वाकलेल्या रेकॉर्डवर आर्म डोलणार. जपानी कंपन्या बहुधा १०० हर्ट्झवर मोजलेला कम्प्लायन्सचा आकडा छापतात, या हिशोबासाठी तो दीड ते दोनपट धरा.

उत्तर ३: पैसे घालण्याआधी अलाइनमेंट (कार्ट्रिज नेमक्या कोनात बसलंय का ते) तपासा. प्रोट्रॅक्टरच्या (हा कोन तपासायच्या आखलेल्या पट्टीच्या) दोन्ही बिंदूंवर कॅन्टिलिव्हर (सुई जिच्या टोकाला असते ती बारीक काडी) रेषेला समांतर हवा. बॉडीच्या कडेवर विसंबू नका. ट्रॅकिंग फोर्स (सुईचा रेकॉर्डवरचा दाब) डिजिटल काट्यावर मोजा. दाब कमी पडला तर सुई खाचेत उडते आणि रेकॉर्ड उलट जास्त खराब होतं.