जुन्या एफसी-१५० पिकअपच्या इंजिनाला रंग टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. काकांची महिंद्रा एफसी-१५० पिकअप, जिने वर्षानुवर्षं काटोलची संत्री वाहिली, ती शेवटी कडुनिंबाखालून ओढून नागपूरला आणली. पेट्रोलचं चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन आहे. बोअर-रिंगा मिस्त्रींनी केल्या, रंगाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा ओतीव नळ) दुकानदाराच्या भरवशावर साधा चंदेरी रंग मारला. दहा मिनिटं इंजिन चालवलं, तर असा धूर की शेजारच्या काकू धावत आल्या. गार झाल्यावर नुसते पापुद्रे. ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाचा, राखाडी एनॅमलही टॅपेट कव्हरखाली (व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरचं झाकण) नखानं निघतो, आणि तिथं तर तेवढं तापतही नाही. काहून? रंगाआधी ब्लॉक डिझेलनं चांगला घासून धुतला होता. आता सगळं सँडब्लास्ट (हवेच्या दाबानं वाळू मारून साफ) करून घेऊ का? इंजिन जुळवलेलंच आहे.

प्रतिसाद १
भाऊ, जुळवलेल्या इंजिनावर सँडब्लास्ट अजिबात नको. वाळूचा एक कण ऑइलच्या वाटेत गेला तर नव्या बेअरिंगचं वाटोळं. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनंच खरवडा.

ब्लॉकचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. डिझेल ग्रीस काढतं, पण स्वतःचा तेलकट थर ठेवून जातं. त्यानंतर साबणाच्या गरम पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, रंगाच्या आधी थिनर लावलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसायचं, मग हात लावायचा नाही. कॉस्टिक सोडा ओतीव लोखंडाला चालतो, ॲल्युमिनियमच्या भागांना नाही, ते खाऊन टाकतो.

मॅनिफोल्ड हे वेगळंच प्रकरण. ब्लॉक पाण्यामुळे साधारण ९०-१०० अंशांत राहतो, मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांवर जातो. ६०० अंशांचा सिलिकॉनवाला हीट रेझिस्टंट रंग घ्या. खाली साधा प्रायमर मारू नका, तोच आधी जळतो आणि वरचा रंग घेऊन पडतो. दोन पातळ हात पुरे. हा रंग उष्णतेनंच पक्का होतो: आधी दहा मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग वीस मिनिटं. थोडा धूर येईल, काकूंना आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद २
नागपूरच्या मे महिन्यात दुपारी स्प्रे मारू नका राजेहो. रंग हवेतच वाळतो आणि पत्र्यावर रवा पडल्यासारखा बसतो. सकाळी सहाला, सावलीत. टॅपेट कव्हर आणि एअर क्लीनरचा डबा सुटा निघतो, त्यांना हिंगणा एमआयडीसीत पावडर कोटिंग (रंगाची कोरडी भुकटी भट्टीत वितळवून बसवणं) करून घेता येईल. भट्टी २०० अंशांच्या आसपास असते, रबर आधी काढा.

धागाकर्ता
डिझेलचं लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद. उद्या पहाटे ब्लॉकचा रंग पुन्हा खरवडून काढतो. आज डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे खरवडलं तर तीन थर निघाले. काका म्हणतात इंजिन हिरवं होतं, मिस्त्री म्हणतात काळं, आणि सगळ्यात खालचा थर दिसतो राखाडी. कोणाचं मानू?