गिट सेटअपचं पान सारखं जुनं होतंय, नवख्यांना झेपेल असं कसं ठेवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

एका ओपन सोर्स प्रोजेक्टचं "गिट कसं बसवायचं" हे पान सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय. येणाऱ्यांपैकी बरेच जण व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणं, गिट हे त्याचंच टूल) पहिल्यांदाच बघत असतात, त्यामुळे या पानावर अडला की माणूस तिथूनच परत जातो, कोडचं तोंडही बघत नाही.

लिहिलं तेव्हा पान बरोबरच होतं. पण त्यात अजून लिहिलंय की पुश करताना (आपला कोड गिटहब या साइटवर चढवताना) गिटहबचा पासवर्ड टाका. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर पासवर्ड घेणंच बंद केलं, टोकन (साइटवरून काढलेला पासवर्डसारखा कोड) नाहीतर एसएसएच की (ओळख पटवणारी फाइलींची जोडी) लागते, आणि नवीन माणूस बिचारा आपलाच पासवर्ड चुकतोय समजून तो रीसेट करत बसतो. दुसरी भानगड ब्रँचच्या नावाची. गिटहबवर ऑक्टोबर २०२० पासून नवीन रेपोची (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) मुख्य ब्रँच, म्हणजे शाखा, मेन नावाची असते, पण आपल्या मशीनवर काही सेटिंग न करता गिट इनिट (नवीन रेपो सुरू करायची कमांड) केलं की बऱ्याच ठिकाणी मास्टर तयार होते, मग पानावर बघून पुश ओरिजिन मेन मारलं की टर्मिनल म्हणतं "एसआरसी रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी", म्हणजे मेन नावाचं काही सापडलंच नाही. यातून नवख्याने काय बोध घ्यायचा सांगा!

आता खरी गोची अशी की दुरुस्त करायला गेलं की पान बरोबर होतं पण वाचवत नाही. डिफॉल्ट ब्रँच मेन करायची एक ओळ टाकली तर लगेच कोणीतरी दाखवून दिलं की ते सेटिंग गिटच्या २.२८ व्हर्जनमध्ये आलं आणि उबंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार) सोबत २.२५ येतं, तिथे गिट एरर पण देत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं. म्हणून एक "जर तुमचं व्हर्जन जुनं असेल तर" आलं, मग विंडोजच्या लाइन एंडिंग्जचं (ओळ संपल्याची खूण तिथे वेगळी असते) एक, मग मॅकवाल्यांचं एक. आता पहिली कमांड येईपर्यंत दोन स्क्रीन नुसतं जर-तर. जाणकार खूश आणि ज्यांच्यासाठी पान आहे ते पळाले.

अचूक पण ठेवायचं आणि सोपं पण, हे जमवलंय का कोणी? आणि पान चुकीचं झालंय हे एखादा नवखा आपटायच्या आधी आपल्याला कसं कळावं? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
सगळे जर-तर वरून उचला आणि खाली टाका. वर एकच सरळ रस्ता, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला एक, पर्याय द्यायचेच नाहीत. टोकन की एसएसएच हा निर्णय नवख्यावर सोडू नका, तुम्ही एक ठरवा आणि तेवढंच लिहा. खाली "अडलात तर" असा भाग करा आणि तिथली शीर्षकं म्हणजे एररचा मजकूर जसाच्या तसा. माणूस एरर कॉपी करून शोधतो, तुमच्या "ब्रँचविषयक अडचणी" या शीर्षकापर्यंत तो कधीच पोचणार नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. भर एवढीच की प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवं ते लिहा. एसएसएचची चाचणी कमांड मारली की गिटहब नाव घेऊन हाय म्हणतं आणि वर सांगतं की शेल ॲक्सेस (आत शिरून कमांड चालवायची मुभा) देत नाही, ते वाचून लोकांना वाटतं फसलं, खरं तर तेच यश असतं! की बनवताना पासफ्रेज (कीचा पासवर्ड) टाइप केला तरी स्क्रीनवर काहीच उमटत नाही, लोक कीबोर्ड बिघडला समजतात. आणि दोन फाइल तयार होतात त्यातली नावाच्या शेवटी पब असलेलीच वेबसाइटवर टाकायची, दुसरी कोणालाही दाखवायची नाही, हे ठळक अक्षरात. जाणकाराला हे सुचतच नाही कारण त्याला ते दिसायचंच बंद झालेलं असतं.

प्रतिसाद ३
मी तर म्हणतो इन्स्टॉल कसं करायचं हे लिहूच नका, अधिकृत साइटची लिंक द्या आणि मोकळे व्हा. विंडोजच्या इन्स्टॉलरचे स्क्रीनशॉट टाकणं म्हणजे दर रिलीजला रंगरंगोटी. फक्त जिथे डिफॉल्ट सोडून काही निवडायचंय तेवढं लिहा, उदा. एडिटर. तिथे विम (सगळं कीबोर्डवरूनच चालणारा एडिटर) राहिलं की पहिल्याच कमिटला (बदल नोंदवताना) माणूस अडकतो आणि बाहेर कसं पडायचं ते गुगलतो.

प्रतिसाद ४
एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: पान वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिता का? तिथे दोन डॅशचा एक लांब डॅश होतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. डोळ्याला फरक कळत नाही पण कमांडमधल्या ग्लोबल या शब्दाच्या आधीचे दोन डॅश बदलले की कमांड मेली. तसंच कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह नको, लोक ते पण कॉपी करतात.

धागाकर्ता
सगळ्यांना धन्यवाद. एररची शीर्षकं आजच करतो. आमचं पान वर्ड प्रोसेसरमध्ये नाही पण साइटच आपोआप चिन्हं "सुंदर" करते, तेही बघतो. इन्स्टॉल पूर्ण काढून टाकायला मात्र मन होत नाही, अधिकृत पान उघडलं की तिथे पाच वाटा दिसतात आणि नवखा परत गोंधळतो, तेव्हा लिंक आणि सोबत "यातलं हे घ्या" अशी एक ओळ ठेवीन. राहिला तपासणीचा प्रश्न, माझ्या मशीनवर सगळं आधीच सेट आहे, तिथे सगळंच चालतं.

प्रतिसाद २
लिनक्सच्या कमांड कोऱ्या कंटेनरमध्ये (दर वेळी नव्याने तयार होणारं बंदिस्त लिनक्स) दर आठवड्याला आपोआप चालवता येतात, तुटलं की मेल येतो. विंडोजला सँडबॉक्स आहे, बंद केला की सगळं पुसलं जातं, पण होम एडिशनमध्ये तो मिळत नाही. ते नसेल तर त्याच मशीनवर नवीन युजर अकाउंट काढा, ग्लोबल कॉन्फिग (गिटची त्या युजरची सेटिंग्ज) आणि एसएसएच कीज युजरच्या फोल्डरमध्ये असतात त्यामुळे तिथे पाटी कोरी मिळते, इन्स्टॉल तेवढं तपासलं जाणार नाही. पानाच्या वर "अमुक तारखेला, अमुक व्हर्जनवर तपासलं" हेही टाका, आणि तारीख खरोखर चालवून बघितल्यावरच बदला, स्पेलिंग सुधारलं म्हणून नाही.

धागाकर्ता
नवीन अकाउंटचं आत्ता करून बघितलं. तिसऱ्याच पायरीला "प्लीज टेल मी हू यू आर" आलं, कारण नाव आणि ईमेल सेट करायची पायरी पानावर कमिटच्या नंतर आहे. ती वर घेतोय. ईमेल प्रत्येक कमिटमध्ये जाऊन सगळ्यांना दिसतो, त्याऐवजी गिटहबचा नोरिप्लाय पत्ता (खरा ईमेल लपवणारा) वापरता येतो, हेही तिथेच लिहू का, की परत जर-तर होईल?

प्रतिसाद १
तिथेच लिहा. एकदा पुश झालेला ईमेल नंतर काढायचा म्हणजे अख्खी हिस्टरी परत लिहायला लागते.