व्हॉल्व्ह बंद, तरी इंजिनाचा वेग वाढतोय?

एकाने म्हटलंय की नवं इंजिन आवरेनासं झालं की दोष कंट्रोल व्हॉल्व्हचाच, म्हणजे इंधन सोडणाऱ्या-रोखणाऱ्या झडपेचाच. पटलं नाही.

ब्रिटिश अभियंता फ्रँक व्हिटलचं पहिलं जेट इंजिन आठवा. १२ एप्रिल १९३७, इंग्लंडमधलं रग्बी. मिनिटाला साधारण २००० फेऱ्या झाल्यावर त्याने मुख्य इंधन सोडलं आणि इंजिन किंचाळत सुटलं. त्याने व्हॉल्व्ह लगेच बंद केला, तरी वेग ८००० च्या आसपास गेला. आवरणावर लालभडक डाग दिसायला लागले, बाकीचे लोक पळाले. (आपणही पळालो असतो.)

व्हॉल्व्ह ठीकच होता. आधी पंप आणि इंधन फवारणारे जेट तपासताना गळलेलं इंधन ज्वलनकक्षाच्या तळाशी साचलं होतं, तेच पेटलं. ते जळून संपल्यावर इंजिन आपोआप थंडावलं. उपाय काय, तर निचऱ्याची सोय!

म्हणजे व्हॉल्व्ह बंद केल्यावर वेग किती वेळाने उतरला ते आधी बघा. थोड्या वेळाने आपोआप उतरला, तर आत इंधन साचलेलं असण्याचा संशय घ्या. उतरतच नसेल, तर इंधन कुठून तरी येतंय, मग खुशाल व्हॉल्व्ह खोला. आणि चाचणीपूर्वी काय काय चालवून पाहिलं, तेही लिहून ठेवा.